डावा, उजवा आणि मधला

पॉलिव्हर्स कंपनीचं 'वायडर' हे प्लगइन फुकट मिळतं आणि त्यावर फिरवायला एकच मोठी कळ आहे. ती शून्यावर नेली की आवाज मोनो होतो, शंभरावर आहे तसा राहतो आणि दोनशेकडे सरकवत गेलं की पेटी, गिटार, कोरस, जे काही त्यातून जात असेल ते स्पीकरांच्याही पलीकडे पसरल्यासारखं वाटू लागतं. आयझोटोपचं 'ओझोन इमेजर', व्हॉक्सेंगोचं 'एमएसईडी', ब्रेनवर्क्सचं 'बीएक्स सोलो', किलोहार्ट्सचं 'हास' ही याच कुळातली साधनं, आणि तीही फुकट. लॅपटॉप, एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि एक मायक्रोफोन एवढ्या भांडवलावर घरातल्या खोलीत मराठी गाणी करणारी पिढी आज आहे, आणि मोठ्या स्टुडिओत जे काम महागड्या यंत्रांवर चालायचं त्यातलं बरंचसं तिच्या हाताशी आलं आहे. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण कळ फिरवली की आवाज लगेच मोठा, महागडा वाटतो, आणि त्यामुळे ती गरजेपेक्षा जास्त फिरवली जाते. माझं म्हणणं थोडक्यात असं : मिक्सची रुंदी म्हणजे डाव्या आणि उजव्या आवाजातला फरक. आणि गाण्यातल्या सगळ्या गोष्टींपैकी श्रोत्यापर्यंत पोचण्याची खात्री सर्वांत कमी असते ती या फरकाचीच. म्हणून रुंदी अशाच गोष्टींना द्यावी ज्या वाटेत गळाल्या तरी गाणं उभं राहील. साधन फुकट की विकतचं, हा प्रश्न इथे गौण आहे.

आवाज कुठून येतो हे कानांना कसं कळतं, याचा पहिला नीट उलगडा लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडला. खालच्या सुरांत दोन कानांपर्यंत ध्वनी पोचण्याच्या वेळेत जो किंचित फरक पडतो तो उपयोगी पडतो. वरच्या सुरांत डोकं आड येतं आणि एका कानाला आवाज कमी पोचतो, तो फरक उपयोगी पडतो. वेळेतला हा फरक फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा असतो, कारण डोकं तेवढंच रुंद आहे. यावर यंत्राची इमारत उभी केली ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरने. ईएमआयमध्ये काम करताना डिसेंबर १९३१ मध्ये त्याने जो पेटंटचा अर्ज केला त्यात आजच्या स्टिरिओचा बहुतेक सगळा पाया आहे. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम मोत्सार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम घेत असताना त्याने ती दोन वाहिन्यांत मुद्रित केली. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीसाठी निघालेलं विमान कोसळून तो गेला, तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता. पण त्याच्या कामातली आपल्या विषयाला सर्वांत जवळची गोष्ट वेगळीच आहे. डावा आणि उजवा असे दोन आवाज असतील, तर त्यांची बेरीज आणि वजाबाकी अशा रूपातही तेच दोन आवाज साठवता येतात, हे त्याने दाखवलं. बेरजेत दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं येतं. त्याला स्टुडिओत 'मिड' म्हणतात. वजाबाकीत फक्त फरक उरतो, तो 'साइड'. एमएसईडी हे प्लगइन करतं ते एवढंच : बेरीज काढतं, वजाबाकी काढतं, दोन्ही कमी-जास्त करू देतं आणि पुन्हा डावा-उजवा करून परत देतं. साइड वाढवली की मिक्स रुंद, कमी केली की अरुंद. यात लपवण्यासारखं काही नाही. हजारो रुपयांच्या प्लगइनमध्येही रुंदीची कळ बहुतेक वेळा हेच गणित करत असते.

आता हे दोन आवाज कुठल्याही माध्यमातून बाहेर पडताना त्यांचं काय होतं ते पाहा. १९६१ साली अमेरिकेत एफएम रेडिओवर स्टिरिओ प्रक्षेपणाची जी पद्धत मान्य झाली तीच जगभर पसरली. तिच्यात मुख्य वाहक लहरीवर बेरीज जाते आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर वेगळी लादली जाते. ज्यांच्याकडे जुने मोनो संच होते त्यांना बेरीज ऐकू यावी आणि त्यांचं काही बिघडू नये, ही त्यामागची व्यवस्था. वजाबाकीच्या वाटेवर खरखर जास्त येते. म्हणून सिग्नल अशक्त झाला की चांगला रेडिओ आपण होऊनच वजाबाकी कमी करत जातो आणि शेवटी ती बंद करतो. पुण्याहून निघालेली गाडी खंडाळ्याच्या घाटात शिरली आणि गाडीतलं स्टेशन क्षीण झालं, की गाण्याची रुंदी सर्वांत आधी जाते. शब्द आणि ठेका मात्र शेवटपर्यंत टिकतात. तबकडीचीही गोष्ट तशीच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या स्टिरिओ तबकडीत बेरीज म्हणजे सुईची आडवी हालचाल आणि वजाबाकी म्हणजे खालीवर होणारी हालचाल. खर्जाच्या सुरांत डावा-उजवा फार वेगळा असेल तर सुई खाचेतून उडायची, म्हणून तबकडी कापणारा कारागीर खर्ज मध्यभागी एकत्र आणायचा. ज्यांनी ही माध्यमं घडवली त्यांनी बेरीज हा गाण्याचा देह धरला आणि वजाबाकी ही त्यावरची शोभा. आजची साधनं वेगळी असली तरी बेरीज-वजाबाकीचं हे नातं बदललेलं नाही.

साइड वाढवणं हा रुंदीचा एक मार्ग. पण ज्या ट्रॅकमध्ये मुळात फरकच नाही, म्हणजे एका मायक्रोफोनवर घेतलेला आवाज किंवा पेटी, तिथे वाढवायला साइडच नसते. तिथे फरक बनवावा लागतो, आणि खरी गडबड इथेच होते. सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय हेल्मुट हास या जर्मन संशोधकाच्या नावाने ओळखला जातो. १९४९ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात त्याने एकाच प्रतिध्वनीमुळे बोलणं समजण्यावर काय परिणाम होतो हे तपासलं. तोच आवाज दुसऱ्या स्पीकरमधून काही मिलिसेकंद उशिरा आला, तर साधारण तीस मिलिसेकंदांपर्यंत कानाला दोन आवाज ऐकू येत नाहीत. एकच, पण भरलेला आवाज ऐकू येतो आणि तो आधी वाजलेल्या बाजूकडूनच येतोय असं वाटतं. यावरून युक्ती निघाली : ट्रॅकची एक प्रत करा, एक डावीकडे टोकाला, दुसरी उजवीकडे टोकाला, आणि उजवीला दहा-वीस मिलिसेकंद उशीर द्या. हेडफोनवर हे फार देखणं लागतं. आता मोनोचं बटण दाबा आणि पेटीचं काय होतं ते ऐका.

पेटीच्या मधल्या सप्तकातली काळी एक साधारण २७७ हर्ट्झवर बोलते, म्हणजे तिचं एक कंपन ३.६ मिलिसेकंदांत पूर्ण होतं. उशीर १६.२ मिलिसेकंद ठेवला असेल तर दुसरी प्रत पहिलीच्या बरोबर साडेचार कंपनं मागे असते. चार पूर्ण कंपनांनी काही बिघडत नाही. त्या वरच्या अर्ध्याने बिघडतं. एक प्रत वर जात असते तेव्हा दुसरी खाली, आणि बेरजेत दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. मूळ सूर तर जातोच, त्याच्या तिप्पट आणि पाचपट असलेले उपस्वरही जातात, कारण तिथेही अर्धं कंपन शिल्लक राहतं. दुप्पट, चौपट, सहापट असलेले उपस्वर मात्र पूर्ण ताकदीने उरतात. म्हणजे काळी एकचा षड्ज मोनोत पातळ होऊन वरच्या सप्तकात उडी मारल्यासारखा ऐकू येतो. शेजारचा शुद्ध रिषभ ३१२ हर्ट्झच्या आसपास असतो. त्याचं जवळजवळ नेमकं पाच कंपनांचं अंतर पडतं, त्यामुळे तो जशास तसा खणखणीत वाजतो. पंचम मधेच कुठेतरी, थोडा दबलेला. वादकाने सा, रे, प सारख्याच दाबाने वाजवले, पण ऐकणाऱ्याला सा बसलेला आणि रे ओरडणारा असं काहीतरी मिळतं. उशीर बदलला तर दुसरे सूर बळी पडतात, एवढाच फरक. ज्या संगीतात सगळी मांडणी षड्जाभोवती फिरते, तिथे हा दोष एखाद्या गिटारच्या पॉप गाण्यापेक्षा कितीतरी जास्त बोचतो.

कृत्रिम रुंदीचा हा मोह नवा नाही, आणि तो काळाच्या कसोटीवर कसा उतरला याची नोंद आपल्याकडे आहे. १९६० च्या दशकात स्टिरिओ तबकड्यांना मागणी आली तेव्हा अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीने आपल्या जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांना 'ड्युओफोनिक' नावाची प्रक्रिया लावून ती स्टिरिओ म्हणून विकली. खालचे सूर एका बाजूला जास्त, वरचे दुसऱ्या बाजूला, आणि मधे थोडा उशीर. बीच बॉइज या बँडचा 'पेट साउंड्स' हा अल्बम १९६६ साली आला तेव्हा बँडच्या मुख्य संगीतकाराने, ब्रायन विल्सनने, तो मोनोतच घडवला होता; त्याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. स्टिरिओ संचांच्या गिऱ्हाइकांसाठी कंपनीने त्याची ड्युओफोनिक आवृत्ती काढली. पुढे १९९७ मध्ये मूळ बहुमार्गी फितींवरून खरं स्टिरिओ मिक्स केलं गेलं आणि ते मोनोच्या बरोबरीने लोकांनी स्वीकारलं. ड्युओफोनिक आवृत्ती मात्र संग्राहकांपुरती उरली. प्रक्रियेने वरून फासलेला फरक आणि वेगवेगळ्या वाद्यांतून आलेला फरक यांत कान किती स्पष्ट निवड करतो, हे यातून दिसतं. आजचे अल्गोरिदम त्या काळच्या फिल्टरांपेक्षा खूप सफाईदार आहेत हे खरं, पण ते सोडवत असलेला प्रश्न तोच आहे : एकाच आवाजातून दोन वेगळे आवाज काढायचे.

यावरचा सर्वांत मोठा आक्षेप रास्त आहे. आज बहुतेक तरुण श्रोते इअरफोन घालून ऐकतात. दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज मिळतो. मग मोनोची एवढी काळजी कशाला? एक तर इअरफोन हे स्टिरिओचं निर्दोष साधन नाही. स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही थोडा उशिरा आणि थोडा कमी पोचतो. सगळं स्टिरिओ मिक्सिंग या मिसळीवर उभं राहिलेलं आहे. इअरफोनवर ती मिसळ नसते. म्हणून स्पीकरवर जेमतेम रुंद वाटणारी गोष्ट इअरफोनवर कानांच्या टोकांना चिकटते, आणि साइड फार वाढवली असेल तर डोक्यात दाब आल्यासारखं, मधला भाग पोकळ झाल्यासारखं वाटतं. शिवाय इअरफोन वापरणारे सगळेच दोन्ही कानांत घालत नाहीत. लोकलमध्ये किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसून एकच बोंडी कानात घातलेला माणूस बेरीजही ऐकत नसतो, तो फक्त डावा किंवा फक्त उजवा ऐकत असतो. टोकाला पॅन केलेला कोरस त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतो. आणि ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं त्यांच्यासाठी फोनमध्ये मोनो ऑडिओची सोय दिलेली असते, ती ते वापरतात. या श्रोत्यांची संख्या किती हा मुद्दाच नाही. गाणं त्यांच्यासाठीही केलेलं असतं. यापुढची यादी सगळ्यांना ठाऊक आहे : एकच स्पीकर असलेले फोन, स्वयंपाकघरातला ब्लूटूथ स्पीकर, रिक्षातला टेप, मंडपातले कर्णे, मध्यम लहरींवरची आकाशवाणी. मोठ्या जाहीर ध्वनिव्यवस्थेतही डावा-उजवा बहुधा एकत्र करूनच देतात, कारण मैदानाच्या डाव्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला उजव्या भिंतीतलं वाद्य ऐकू आलं नाही तर चालत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो : वायडरसारखी प्लगइनं मोनोला बाधा न आणणारी असतात, बेरीज केली की मूळ आवाज जसाच्या तसा परत मिळतो. हा दावा खरा आहे आणि म्हणूनच त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. असं प्लगइन मूळ आवाजातून फिल्टर करून एक नवा थर तयार करतं, तो डावीकडे मिळवतं आणि उजवीकडे वजा करतं. बेरजेत मिळवलेलं आणि वजा केलेलं कापलं जातं आणि शिल्लक राहतो तो मूळ ट्रॅक. हासच्या युक्तीपेक्षा हे कितीतरी बरं, आणि एकच गोष्ट रुंद करायची असेल तर मी याच जातीचं साधन सुचवीन. पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, जो थर मोनोत शुद्ध कापला जातो तो मोनोत शुद्ध नाहीसाही होतो. वादनाला तुम्ही जो भरदारपणा दिला तो त्या श्रोत्यापर्यंत जात नाही, आणि मिक्स करताना त्या भरदारपणावर विसंबून पेटीचा आवाज तुम्ही कमी ठेवला असेल तर मोनोत ती पेटी हरवते. दोन, एकटा डावा किंवा एकटा उजवा ऐकला तर त्या फिल्टरची छाप त्यावर स्पष्ट असते. एकाच बोंडीने ऐकणाऱ्याच्या वाट्याला मूळ आवाज येत नाही, अर्धा रंगवलेला येतो.

या सगळ्यात ज्याची चर्चा फार कमी होते ती गोष्ट आवाजाच्या पातळीची आहे. स्पॉटिफायसारख्या सेवा प्रत्येक गाणं कानाला किती मोठं वाटतं ते मोजून त्याला साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (या मोजणीचं एकक) पातळीला आणतात. ही मोजणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस १७७० या मानकाने होते, आणि त्यात डाव्या व उजव्या वाहिनीची शक्ती वेगवेगळी मोजून तिची बेरीज केली जाते. म्हणजे साइडमध्ये ओतलेली सगळी शक्ती मोजणीत धरली जाते. गाणं जितकं पसरवाल तितकं मोजमाप वाढतं आणि सेवा संपूर्ण गाणं तितकं खाली ओढते, मधल्या गायकासकट. मग हेच गाणं एका स्पीकरच्या फोनवर वाजलं की साइड गळते आणि आधीच खाली ओढलेला मध्य तेवढा उरतो. मिड आणि साइड यांची शक्ती समसमान झाली असेल तर मोनोत एकूण तीन डेसिबल जातात. शेजारचं साधं, नीट मध्यावर बांधलेलं गाणं त्याच फोनवर जास्त जवळचं, जास्त मोठं वाटतं, आणि आपल्याला वाटत राहतं की त्याच्याकडे काहीतरी महागडं साधन असावं. रुंदीची किंमत ही अशी, न दिसणाऱ्या खात्यातून वळती होते.

मराठी गाण्याच्या बाबतीत याचा निर्णय करायला आपली परंपराच मदत करते. भावगीताची बांधणी शब्दाभोवती आहे. यशवंत देव यांनी ज्या गायकीला शब्दप्रधान म्हटलं, तिच्यात एखाद्या अक्षरावरचा श्वास, एखाद्या व्यंजनाचा जोर हाच अलंकार. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडा प्रसारित झालेलं गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण, ती छप्पन्न गाणी, लोकांनी एका स्पीकरच्या रेडिओवर ऐकली. त्यात डावं-उजवं नव्हतं, पण जवळ आणि लांब होतं, मोठं आणि हळू होतं, वाद्य केव्हा बोलायचं आणि केव्हा गप्प बसायचं याची जाण होती. मोनोत खोली निर्माण करता येते. ती मायक्रोफोनपासूनच्या अंतरातून, सुरांच्या पट्ट्यांच्या वाटणीतून आणि विरामांतून येते. म्हणून आजच्या मिक्समध्येही मुख्य आवाज, डग्गा किंवा किक, बास आणि धून धरणारं वाद्य मध्यभागी घट्ट ठेवावं आणि त्यांना रुंदीचं प्लगइन लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्जाच्या बाबतीत तर वादच नाही. शंभर हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण साडेतीन मीटर असते. डोकं त्याच्या आड येऊच शकत नाही. खर्ज पसरवून कानाला फारसं काही मिळत नाही, सबवूफरमध्ये तो एकत्र होताना ताकद मात्र जाते. 'ए-वन स्टिरिओ कंट्रोल' या मोफत प्लगइनमध्ये खर्ज मध्यभागी राखण्याची 'सेफ बास' नावाची सोय आहे. ओझोन इमेजरच्या मोफत आवृत्तीत सुरांचे पट्टे वेगळे करता येत नाहीत, म्हणून ते संपूर्ण मिक्सवर लावणं टाळावं आणि सुट्या ट्रॅकवर वापरावं.

मग रुंदी आणायची कुठून? आपल्या बैठकीतच तिचा नमुना आहे. गायकाच्या मागे दोन बाजूंना दोन तानपुरे असतात. दोन्ही एकाच सुरात मिळवलेले, तरी जवारी वेगळी, छेडण्याची वेळ वेगळी, लाकूड वेगळं. हा फरक कुठल्याही क्षणी स्थिर नसतो, म्हणून मोनोत एकत्र आले तरी ठरावीक सूर कापले जात नाहीत. नाद फक्त दाट होतो. घरी काम करणाऱ्याकडे तानपुऱ्याचं ॲप असेल तर एकच ट्रॅक घेऊन तो प्लगइनने पसरवण्याऐवजी तेच दोनदा, वेगवेगळ्या वेळी सुरू करून, शक्य असेल तर दोन वेगळ्या आवाजांत मुद्रित करावं आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवावं. हे प्लगइनपेक्षाही फुकट आहे. वारकरी कीर्तनात कीर्तनकार पुढे मधोमध उभा असतो आणि मागे टाळकऱ्यांची फळी दोन्ही अंगांना पसरलेली असते. टाळांचे सूर वरच्या पट्टीतले, त्यामुळे दिशा चटकन कळते, आणि ते कमी ऐकू आले तरी अभंगाचा शब्द जात नाही. मिक्समध्ये टाळ, झांज, कोरस, गिटारचं छेडणं, प्रतिध्वनी यांना रुंदी द्यावी आणि निरूपण मध्यावर ठेवावं, हा आराखडा यातून सरळ निघतो. कोरस एकाच मुलीकडून घ्यायचा असेल तरी तिच्याकडून तो चार वेळा गाऊन घ्यावा. चार प्रती आणि चार वेळचं गाणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. तिथल्या व्हायोलिनांची जी रुंदी आपल्याला ऐकू येते ती अनेक माणसांच्या हातातल्या सूक्ष्म फरकांची आहे, खोलीच्या भिंतींवरून परतलेल्या आवाजाची आहे. तेवढा खर्च सगळ्यांना झेपत नाही. पण त्यामागचं तत्त्व दोनदा वाजवण्यात आहे आणि ते सर्वांना झेपतं. तबल्याचं मात्र जपावं. तबला एका टोकाला आणि डग्गा दुसऱ्या टोकाला असं पॅन केलं की वादक खोलीएवढा होतो; प्रत्यक्षात त्या दोघांत हातभराचंही अंतर नसतं.

काही जण म्हणतील, की ही सगळी बंधनं झाली आणि संगीतात मुद्दाम मोडण्यालाही जागा हवी. नक्कीच हवी. एखाद्या गाण्यात स्वप्नाचा प्रसंग आहे, दोन ओळींपुरता आवाज डोक्याबाहेर गेल्यासारखा वाटायला हवा, तर तिथे साइड मिडपेक्षा मोठी करा, फेज उलटवा, टॅल कंपनीचं 'कोरस एलएक्स' हे प्लगइन भरपूर लावा. रुंदी ही तुलनेने जाणवते, आणि त्या दोन ओळी रुंद भासण्यासाठी आधीच्या दहा ओळी अरुंद असाव्या लागतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळ्याच ट्रॅकवर कळ दोनशेकडे ठेवली तर काही वेळाने कानाला काहीच रुंद वाटत नाही, फक्त मध्य रिकामा वाटतो. अंतरा अरुंद ठेवून धृपदाला दुहेरी कोरस आणला तर प्लगइनशिवायही ते धृपद उघडल्यासारखं होतं.

पारख करायची साधनंही फुकट आहेत आणि रुंदीच्या कळेपेक्षा ती आधी उतरवून घ्यावीत. व्हॉक्सेंगोच्या 'स्पॅन'मध्ये डाव्या-उजव्यातलं नातं दाखवणारा काटा असतो. तो अधिक एकजवळ असला तर दोन्हीकडे जवळजवळ एकच आवाज, शून्याजवळ असला तर दोन स्वतंत्र आवाज, आणि उणे बाजूला रेंगाळू लागला तर मोनोत काहीतरी खाल्लं जातंय असं समजावं. पण काट्यावर सगळं सोपवू नये. बीएक्स सोलो मास्टरवर लावून फक्त साइड ऐकण्याचं बटण दाबावं. जे ऐकू येईल ते एका स्पीकरवर ऐकणाऱ्याला कधीच मिळणार नाही. त्यात कोरसची हवा, टाळांची चमक, प्रतिध्वनीची शेपूट, तानपुऱ्यांचा झंकार असेल तर मिक्स सुखरूप आहे. तिथे मुख्य गायकाचा थेट आवाज येऊन त्यात कडव्याचे शब्द स्वच्छ समजत असतील, तर तो ट्रॅक उघडावा, त्यावरचं रुंदीचं प्लगइन काढावं, आवाज मध्यावर आणावा आणि मोनोचं बटण दाबून गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून ऐकावं.